बाईंचा आवाज आधी माझ्याकडे यायचा

मित्रांनो, बोटभर लांबीची, हिरव्या रंगाची, एका कडेला सोनेरी दात असलेली पट्टी तुम्ही कदाचित पाहिली नसेल. ती लॅपटॉपच्या पोटात असते, आणि पोटातलं बघायला कोण जातं? तिला मेमरी म्हणतात. मी तसलीच एक मेमरी, जुनी झालेली, आणि नुसती जुनी नाही तर खराब झालेली. सध्या एका दुरुस्तीच्या दुकानात खणात पडून असते. माझ्यावर एक चिकटपट्टी लावलेली आहे आणि तिच्यावर लिहिलं आहे, 'खराब. कुठेही वापरू नये.' ज्याने ते लिहिलं त्याने एकेक अक्षर दोनदा गिरवलं. का गिरवलं, हे तुम्हाला सांगायला मी बसले आहे.

आधी माझं काम काय ते ऐका. माझ्या अंगावर कोट्यवधी इवलीशी घरं आहेत. एकेक घर म्हणजे विजेचा एकेक रांजण समजा. रांजण भरलेला किंवा रिकामा, एवढ्या दोनच खुणांनी तुमची चित्रं, तुमची गाणी, तुमचे निबंध, सगळं माझ्यात लिहिलं जातं. गंमत अशी की हे रांजण जन्मापासूनच गळके. पापणी लवायच्या आत ते पुन्हा पुन्हा भरावे लागतात. अंग थंड असलं की गळती हळू होते आणि सगळं सुरळीत चालतं. अंग तापलं की ते भराभर गळतात. एवढं लक्षात असू द्या.

आणि लॅपटॉप बंद केला की माझी पाटी कोरी. केलेलं काम मी विसरते. माणसं मात्र विसरत नाही. ते कसं, हे मला विचारू नका, मलाही ठाऊक नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत असायची, डोळे तेवढे दिसायचे. तयार झाल्यावर आम्हा सगळ्या बहिणींना एका गरम पेटीत ठेवलं आणि आमची परीक्षा घेतली. माझ्या शेजारची बहीण तिथेच चुकली. तिला चिमट्याने उचलून डब्यात टाकलं, तिच्याकडे पुन्हा कोणी पाहिलं नाही. मी पास झाले. तावून-सुलाखून निघाले म्हणून मला वाटायचं, आता उष्णता माझं काय वाकडं करणार? गर्वाचं घर खाली म्हणतात, ते उगाच नाही.

पुढे मला एका काळ्या लॅपटॉपमध्ये बसवलं. तो एका तरुणाने घेतला. घरांचे नकाशे काढायला तो शिकत होता. सहा वर्षं त्याने मला घाण्याला जुंपलं. जिने, खिडक्या, न्हाणीघरं, सगळं माझ्या अंगावरून गेलं. त्याचे मित्र म्हणायचे, "तुझं यंत्र पळतं रे!" आणि मी मनातल्या मनात फुगायचे. मग त्याला नोकरी लागली, नोकरीबरोबर नवा लॅपटॉप आला, आणि आम्ही कपाटाच्या माथ्यावर एका पिशवीत गेलो. तीन वर्षं. त्या तीन वर्षांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. धूळ बसत होती.

ती पिशवी खाली काढली त्या तरुणाच्या आईने.

ती गावाच्या तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. एकतीस वर्षं. तिला सगळे नुसतं 'बाई' म्हणायचे, तिच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. तलाव मोठा, मुलं वीस-वीस, त्यामुळे बाईंचा आवाज या काठावरून त्या काठापर्यंत पोचणारा होता. घरातही ती तसंच बोलायची. मीठ मागितलं तरी शेजाऱ्यांना कळायचं. वर्षभर तो आवाज बसत चालला होता. सगळे म्हणाले, ओरडून ओरडून बसला असेल. बाईही तेच म्हणाली. डॉक्टरांनी आत पाहिलं तेव्हा घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, म्हणाले. त्यानंतर श्वास मानेला पाडलेल्या छिद्रातून घ्यायचा. त्या छिद्रात पाण्याचा थेंब जाता कामा नये. म्हणजे तलाव कायमचा बंद.

"आवाज गेला तर गेला," बाई सुनेला म्हणाली होती, "पण पाणीही?"

सुनेने बाईंचा हात हातात घेतला.

रुग्णालयात वाचा-उपचार करणाऱ्या एक ताई होत्या. त्यांनी एक वाट दाखवली. त्या म्हणाल्या, "बाई, मी सोळाशे वाक्यं लिहून देते. ती तुमच्या आवाजात भरून द्या. त्यातून यंत्र तुमचा आवाज शिकेल. पुढे तुम्ही जे टाइप कराल ते तुमच्या आवाजात बोललं जाईल. अगदी तुमच्याच नाही, पण ऐकणाऱ्याला तुम्ही आहात हे कळेल." आणि एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली. हे शस्त्रक्रियेच्या आधीच व्हायला हवं. नंतर भरायला आवाजच उरत नाही.

हातात चोवीस दिवस होते.

घर रस्त्यावर. खाली गाड्यांचे भोंगे, वरच्या मजल्यावर कोणाचं तरी ठोकाठोकीचं काम. सगळ्या घरात शांत जागा एकच सापडली, कपड्यांचं भिंतीतलं कपाट. बाई आत बुटक्या स्टुलावर बसायची. चारी बाजूंना लोंबणारे कपडे, समोर एक ट्रंक, ट्रंकेवर घडी घातलेली जाड रजई आणि रजईवर आम्ही. रजई कशाला? तर ट्रंकेवर लॅपटॉप ठेवला की कुईकुई आवाज यायचा आणि तो वाक्यात शिरायचा. बाई दार ओढून घ्यायची आणि वाचायला लागायची.

बाहेर पहारा असायचा नातीचा. नात चार वर्षांची. तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारे पुष्कळ होते, बाई मात्र तिला 'बेडकी' म्हणायची. न्हाऊ घालताना ती लहानपणी जे पाय झाडायची त्यावरून. ते नाव बाईंनी ठेवलेलं आणि बाईंनीच वापरायचं, असा त्या घरात न बोलता ठरलेला नियम होता. बेडकी कपाटाबाहेर मांडी घालून बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दटावायची, "आत आजी आहे. कोणी बोलायचं नाही." हे इतक्या मोठ्याने म्हणायची की तेच भरलं जायचं, आणि बाईंना ते वाक्य पुन्हा म्हणावं लागायचं.

वाक्यंही एकेक अशी की हसावं की रडावं. 'तुमच्या काकांची छत्री ओली आहे का?' बाई वैतागायची. "कोणाचे काका? मला काकाच नाहीत." ते वैतागणंही भरलं जायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून. घसा दुखायचा. ती कोमट पाण्याचा घोट घ्यायची, पाच मिनिटं थांबायची आणि पुढचं वाक्य उचलायची.

मित्रांनो, माइकमधून निघालेला आवाज थेट डिस्कवर, म्हणजे कायमच्या साठवणीवर, जात नाही. तो आधी माझ्याकडे येतो. बाईंचं प्रत्येक वाक्य आधी माझ्या रांजणांत उतरायचं, मी ते सांभाळायचे, मग पुढे द्यायचे. तिचं खाकरणं, तिचा श्वास, घोट गिळल्याचा आवाजसुद्धा. जिने आणि खिडक्या वाहून वाहून माझं अर्धं आयुष्य गेलं होतं. असं काही माझ्या वाट्याला पहिल्यांदाच येत होतं. मला बाई आवडायला लागली. सरळ सांगते, मला तिच्यावाचून करमेनासं झालं.

शेवटची शंभर वाक्यं ताईंनी कोरी सोडली होती. 'तुमच्या घरात तुम्ही रोज जे बोलता ते भरा.' ती बाईंनी आधीच भरून टाकली, घशाचा भरवसा नाही म्हणून. मुलासाठी, "जेवलास का?" आणि "फोन करत जा रे." सुनेसाठी, "तू बस, मी बघते." बाकीची बहुतेक नातीची. "बेडकी, पाय मार." "बेडकी, नाक धरू नकोस, काही होत नाही." "बेडकी, उठ, सूर्य डोक्यावर आला." नुसती 'बेडकी' अशी हाक तिने अकरा तऱ्हांनी भरली. रागावून, लाडाने, लांबून, झोपेतून उठवताना हळूच. अकरावी भरताना तिचा आवाज फाटला. तिने ती पुसली नाही, तशीच राहू दिली.

आता रजईकडे वळते. लॅपटॉप श्वास घेतो तो पोटाखालच्या भोकांतून. रजईत ती भोकं बुडाली. कपाटात हवा नाही. आम्ही रोज तापत होतो. सतराव्या दिवशी तीनदा सगळं जागच्या जागी थिजलं. तोवर चौदाशे ऐंशी वाक्यं झाली होती. बाईंनी लॅपटॉप शालीत गुंडाळला आणि दुरुस्तीच्या दुकानात स्वतः घेऊन आली.

दुकानदार तिचा जुना विद्यार्थी. लहानपणी पाण्यात टाकला की हातपाय न हलवता तळाला जायचा, म्हणून बाईंनी त्याचं नाव 'दगड' ठेवलं होतं. तीन उन्हाळे लागले त्याला तरंगायला. आता त्याचे केस मागे सरले होते, गावात कोणाचंही यंत्र बिघडलं की त्याच्याकडे यायचं, तरी बाईंसमोर तो अजून हात मागे बांधून उभा राहायचा.

"दगडा," बाई म्हणाली. आवाज इतका घोगरा होता की त्याने नीट ऐकायला मान पुढे केली. "यात माझं बोलणं आहे. आतलं काही हलता कामा नये."

"नाही हलणार, बाई."

"सोमवारी मी दाखल होणार आहे. त्याच्या आत हवं. अजून शेसव्वाशे वाक्यं उरलीत."

"बाई, परवा देतो. आणि मी स्वतः करतो, कोणाच्या हातात देत नाही."

"तुझ्याकडे दुसरं आहे कोण?"

तो लाजून हसला. दुकानात तो एकटाच होता.

त्याच्या दुकानाचे दोन नियम होते आणि एक वचन. पहिला नियम, आलेल्या यंत्रातलं सगळं आधी दुसरीकडे उतरवून ठेवायचं, मग हात लावायचा. दुसरा नियम, तपासणीला बसवताना यंत्राखाली लाकडाचे दोन ठोकळे ठेवायचे, म्हणजे खालून वारा खेळतो. वचन भिंतीवर रंगवलेलं होतं: 'तुमचं ते तुमचंच. काम झालं की त्याच दिवशी आमच्याकडचं पुसलं जाईल.' दहा वर्षांत त्याने ते एकदाही मोडलं नव्हतं.

मला आता दुःख वाटतं ते असं की तो निष्काळजी नव्हता. दुसऱ्या कोणाचं यंत्र असतं तर त्याने नेहमीसारखं केलं असतं आणि सगळं ठीक झालं असतं. हे बाईंचं होतं. म्हणून त्याने जास्त काळजी घ्यायची ठरवली. त्याला वाटलं, यंत्र आजारी आहे, अशा यंत्रातून बाईंचा आवाज हलवायचा कसा? आधी यंत्र ठणठणीत आहे याची खात्री करू, मगच आवाजाला हात लावू. पहिला नियम तिथे गेला. मग ठोकळे पुढे ओढले, त्यांच्या खडबडीत कडांकडे पाहिलं आणि बाजूला सारले. बाईंच्या वस्तूला ओरखडा नको. त्याने धुतलेला, जाड, मऊ टॉवेल आणला, त्याची चौपदरी घडी घातली आणि आम्हाला तिच्यावर हलकेच ठेवलं. दुसरा नियम तिथे गेला.

त्याने पंखा साफ केला. तीन वर्षांची धूळ चिमटीने काढली. आम्हाला बरं वाटलं. मग त्याने तपासणी सुरू केली. त्यांच्या धंद्यात तिला स्ट्रेस टेस्ट म्हणतात. म्हणजे माझे सगळे रांजण एकदम भरायचे, मग एकेक वाचून बघायचे, जे भरलं तेच आहे ना? मग रिकामे करायचे, पुन्हा बघायचे. थांबणं नाही. एक फेरी तासाभराची.

पहिली फेरी पास. दुसरी पास. दगड मधूनमधून येऊन पडद्याकडे बघत होता. तिसरीही पास झाली तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. पण खालून वारा नव्हता. टॉवेल तापला होता. कारखान्यातली ती गरम पेटी मला आठवली, आणि तेव्हा मी कोवळी होते, आता माझी उमेद सरली होती. चौथ्या फेरीत रांजण भरून झाले, वाचून बघायचं बाकी होतं, आणि त्यांतला एक गळत असल्याचं मला जाणवलं. वाचायची पाळी त्याच्यापर्यंत आली असती तर पडद्यावर लाल अक्षरं उमटली असती. दगडला कळलं असतं. माझी रवानगी कचऱ्याच्या डब्यात झाली असती आणि बाईंचा आवाज वाचला असता.

तेवढ्यात फोन आला. बाईंची सून बोलत होती.

"दादा, दाखल व्हायची तारीख अलीकडे आली. उद्या सकाळी सातलाच बोलावलंय. उरलेली वाक्यं राहू देत, जेवढी झालीत तेवढी आजच एकत्र बांधून द्या म्हणाल्या ताई, कुलूप लावून. जमेल का?"

"जमेल वहिनी. संध्याकाळपर्यंत देतो."

त्याने चौथी फेरी मध्येच थांबवली. तीन पास झाल्या होत्या, त्याच्या हिशेबी यंत्र निरोगी होतं. थंड व्हायलाही थांबला नाही. चौदाशे ऐंशी वाक्यं घेतली, दाबून दाबून त्यांच्या एकाच फाइलचं गाठोडं बांधलं, त्याला पासवर्डचं कुलूप घातलं आणि स्वतःच्या दुकानातली नवी डिस्क लॅपटॉपला जोडून तिच्यावर ठेवलं. जुन्या डिस्कचा भरवसा नको म्हणून. तीही त्याची माया.

मित्रांनो, गाठोडं बांधताना एकेक वाक्य माझ्यातूनच जात होतं. सत्तेचाळिसाव्या वाक्यातला एक रांजण गळला. तो भरलेला होता. मी तो रिकामा म्हणून पुढे दिला, जणू पहिल्यापासून रिकामाच होता. मी खोटं बोलले असं म्हणा. माझ्या हातून एकाच घराची चूक झाली. पण अशा दाबून बांधलेल्या, कुलूप घातलेल्या गाठोड्याचा स्वभाव वाईट असतो. एक टाका चुकला की तिथून पुढचं काहीच उलगडत नाही.

दगडने गाठोडं उघडून पाहिलं. पहिलं वाक्य लावलं. बाई बोलली. दुसरं लावलं. तिसरं. त्याचे डोळे भरून आले. चौथं लावायला त्याने बोट पुढे केलं आणि मागे घेतलं. तो स्वतःशीच म्हणाला, "पुढे घरच्यांसाठी भरलेलीही असतील. आपण ऐकायची नाहीत." त्याने डोळे पुसले, गाठोडं बंद केलं, नवी डिस्क लॅपटॉपमध्ये बसवली, आणि काढलेली जुनी डिस्क दुकानात राहणार म्हणून भिंतीवरच्या वचनाप्रमाणे ती पुसून टाकली. नुसती पुसली नाही. कोणा परक्याच्या हाती बाईंचा आवाज लागू नये म्हणून सात वेळा पुसली.

संध्याकाळी बाई लॅपटॉप घ्यायला आली. पंख्याचा आवाज किती बारीक झाला आहे ते तिने कान लावून ऐकलं.

"छान केलंस, दगडा," ती म्हणाली.

तो इतका खूश झाला की त्याला बाईंना दारापर्यंत सोडायला जायचंही सुचलं नाही. बाईंच्या तोंडून त्याने ऐकलेलं ते शेवटचं वाक्य.

शस्त्रक्रिया नीट झाली. बाराव्या दिवशी ताईंनी गाठोडं उघडलं. सेहेचाळीस वाक्यं निघाली, त्यापुढे काही नाही. त्यांनी पुन्हा उघडून पाहिलं, दुसऱ्या यंत्रावर पाहिलं, मग मुलाला फोन केला, मुलाने दगडला. लॅपटॉप दुकानात परत आला. पुढचे पंधरा दिवस त्याने दुसरं काम घेतलं नाही. जुनी डिस्क खरवडून पाहिली. सात वेळा पुसलेल्या डिस्कवर काय सापडणार? ज्यांना ज्यांना विचारता येईल त्यांना विचारलं. शेवटी त्याने लॅपटॉपसकट मला पुन्हा तपासणीला लावलं, शेजारी उष्णता मोजायची नळी ठेवली. ठोकळ्यांवर मी दिवसभर चुकले नाही. मग त्याने तोच टॉवेल आणला, तशीच घडी घातली. चौथ्या फेरीत लाल अक्षरं आली.

तो खुर्चीत बसला. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, त्याच्याकडे त्याने पाहिलं नाही. थोड्या वेळाने मला काढून खिशात घातलं, शटर ओढलं आणि बाईंच्या घराकडे निघाला.

त्या घरात मी पुन्हा आले ती अशी, चोरासारखी, एका खिशातून.

बाई पलंगावर बसली होती, मानेला रुमाल बांधलेला. मांडीवर पाटी आणि खडू. मुलगा दारात, सून पायाशी, बेडकी खाली चित्र काढत होती. दगडने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. आधी उतरवून घेतलं नाही हे सांगितलं, टॉवेल सांगितला, फेरी अर्धी सोडली हे सांगितलं, तीनच वाक्यं ऐकली हेही. शेवटी मला काढून तळहातावर धरलं. "ही पट्टी. पण चूक हिची नाही, माझी आहे."

मुलगा दारातून पुढे आला. "इतकी वर्षं लोकांची यंत्रं उघडतोस. तुझ्याकडून चूक होत नाही म्हणून गाव तुझ्याकडे येतं. आणि आमच्याच आईच्या वेळेला?"

"बाईंच्याच वेळेला झाली," दगड म्हणाला. "दुसऱ्या कोणाचं यंत्र असतं तर नसती झाली रे."

बाईंनी पाटीवर लिहिलं. टॉवेल कशाला घातलास?

"ओरखडा पडू नये म्हणून, बाई."

तिने पाटी पुसली. मग लिहिलं. मीही रजईवर ठेवला होता.

आणि ती रडली. मित्रांनो, ते रडणं मी ऐकलं आहे, म्हणजे त्यात ऐकण्यासारखं काही नव्हतं. खांदे हलत होते आणि मानेच्या रुमालातून नुसती हवा येत होती. जिचं खाकरणंही मी ओळखत होते तिचं रडणं मला ओळखू आलं नाही. मी केलं ते मला त्या क्षणी पुरतं कळलं.

सुनेने विषय बदलायला म्हणून रुग्णालयातून आणलेलं बोलकं यंत्र पुढे केलं. ताईंनी तात्पुरता एक तयार आवाज घालून दिला होता, कोणा अनोळखी बाईचा, गोड आणि सपाट. ती म्हणाली, "आई, तुम्ही अजून वापरून पाहिलं नाहीत. पाहा तरी." बाईंनी नाइलाजाने चार अक्षरं टाइप केली. यंत्र म्हणालं, "बेडकी, इकडे ये."

नातीने चित्रातून मान वर केली. ती आजीकडे गेली नाही, यंत्राकडे गेली, आणि त्याला समजावल्यासारखं म्हणाली, "ते आजीचं आहे. तू नाही म्हणायचं."

बाईंनी एकेक अक्षर खोडून ते नाव पडद्यावरून काढलं आणि यंत्र उलटं करून ठेवलं. त्यानंतर तिने ते नाव यंत्रात कधीही घातलं नाही, असं मला पुढे दगडच्या बोलण्यातून कळलं.

निघताना दगड दाराशी अडखळला. "बाई, सेहेचाळीस आहेत. आवाज तयार व्हायला ती पुरत नाहीत, ताई म्हणाल्या. पण ती तुमची आहेत. ठेवू का इथे?" त्याने आवाज वाजवणारी एक छोटी डबी पुढे केली. मुलाने ती घेतली, लावली, आणि त्यातलं जे हाताला लागलं ते वाजलं.

"खिडकीजवळ दोन खुर्च्या आहेत."

घोगरा, मोठा, मीठ मागताना शेजाऱ्यांना ऐकू जाणारा तो आवाज. ताईंच्या यादीतलं ते एक कोरडं वाक्य, त्यात ना कोणाचं नाव, ना कोणाची आठवण. बेडकीच्या हातातला रंग पडला. तिने आजीकडे पाहिलं, आजीचे ओठ मिटलेले. तिने खिडकीकडे पाहिलं. खिडकीजवळ खुर्च्या नव्हत्या. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि तिच्याहून उंच असलेली एक खुर्ची फरफटत घेऊन आली. ती खिडकीशी लावली. परत गेली, दुसरी आणली. कोणी तिला मदत केली नाही, कोणाला हलताच आलं नाही. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून ती एकीवर चढून बसली आणि दुसरीवर हात ठेवून वाट पाहू लागली.

बाई पलंगावरून उठली, भिंतीला धरत गेली आणि त्या खुर्चीवर बसली.

"आता बोल," बेडकी म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. ओठांनी तिचं नाव घेतलं, अकरा तऱ्हांपैकी कोणती ते मला कळलं नाही. खोलीत खालच्या गाड्यांचे भोंगे तेवढे ऐकू येत होते. दगड चपला हातात घेऊनच जिना उतरला.

तेव्हापासून मी या खणात आहे. मला बसवू नका, मला दुरुस्त करू नका, मला ते नको आहे. तुम्हाला मात्र काही सांगायचं आहे. यंत्र अंथरुणावर, उशीवर, मांडीवरच्या पांघरुणात ठेवू नका, कितीही जपावंसं वाटलं तरी. त्याला मऊपणा नको असतो, वारा हवा असतो. ते तापलं की थांबा, थंड होऊ द्या, मग काम सांगा. जे एकदाच मिळण्यासारखं आहे ते दोन ठिकाणी ठेवा, आणि पहिलं पुसण्याआधी दुसरं शेवटपर्यंत ऐका. लाजू नका. दगड चौथ्या वाक्याला थांबला नसता, सत्तेचाळिसाव्यापर्यंत ऐकत गेला असता, तर जुन्या डिस्कवर सगळं अजून जागेवर होतं, आणि बाई तेव्हा घरीच होती. तिला अजून एक संध्याकाळ बोलता येत होतं.